कपबशी आणि छत्री

मिल्ड्युरा, ८ नोव्हेंबर १९९९

भाऊ,

तुमचं पत्र अकरा दिवसांत पोचलं. वहिनीच्या दोन ओळीही मिळाल्या. ऑक्टोबरची छाटणी उरकली हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही विचारलंत, तिकडे छाटणी एकदाच कशी. इथे थंडीत वेली झोपतात. जुलैत वेलीवर एक पान राहत नाही, नुसत्या काड्या. तेव्हा छाटतात आणि वर्षभर पुन्हा हात लावत नाहीत. शेजारच्या व्हिन्सला मी आपली पद्धत सांगितली. तो म्हणाला, "वर्षातून दोनदा? बिचाऱ्या वेली." व्हिन्स मूळचा इटलीचा. सत्तरीचा आहे, बायको गेली, बारा एकर द्राक्षं एकटा सांभाळतो. आपल्या थॉमसनला इथे सुलताना म्हणतात. पत्र्याच्या छपराखाली तारेच्या जाळीचे मजले केलेले असतात, त्यावर घड पसरून बेदाणा करतात. मी आठवड्यातून तीन दिवस त्याच्याकडे कामाला जाते. हे शीतगृहात, आरोही शाळेत. दिवस बरे जातात.

परवा शनिवारी इथे मतदान झालं. इंग्लंडची राणी ठेवायची की आपला राष्ट्राध्यक्ष करायचा, असा प्रश्न होता. तुम्ही हसाल. राणी ठेवायची ठरली. व्हिन्सनंही राणीलाच मत दिलं. म्हणाला, "राणी लांब असते, त्रास देत नाही. राष्ट्राध्यक्ष इथेच असेल."

मत द्यावंच लागतं. नाही दिलं तर दंडाचा कागद घरी येतो. त्यामुळे मतदारांना आणायला कुणी जीप पाठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला आणायला सातपूरला जीप पाठवली होती, ते आठवलं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी माझं नाव तुम्ही गावच्या यादीतून काढू दिलं नव्हतं. माहेरवाशिणीचं मत माहेरचं, असं तुम्ही म्हणायचात. जीपमध्ये आम्ही सात जणी होतो, सगळ्या गावच्या लेकी. कुणी ओझरहून, कुणी पिंपळगावहून उचललेली. रस्ताभर हसत होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनं सातही जणींना दिवाळीच्या आधीच माहेर मिळालं होतं.

पुढचं आता मनात धरू नका, भाऊ. तुम्हाला दोनशे अकरा, गांगुर्डे गुरुजींना दोनशे अकरा, आणि एक मत बाद. मग चिठ्ठी टाकली आणि गुरुजींचं नाव निघालं. चिठ्ठीपुढे कुणाचं काय चालतं.

वहिनीच्या ओळींत आपल्या मळ्यातल्या पुतळाबाईचं नाव नाही. ती विरळणीला, घडांतले जास्तीचे मणी काढायला, येते का?

गिरजा


मिल्ड्युरा, २८ जानेवारी २००१

भाऊ,

परवा आम्ही इथले नागरिक झालो. नगरपालिकेच्या सभागृहात चाळीस माणसं होती. शपथ घेतली, राणीच्या फोटोखाली चहा प्यायलो. प्रत्येकाला एक रोप दिलं. आमच्या वाट्याला आलेल्या झाडाला बाटली धुण्याच्या ब्रशासारखी लाल फुलं येतात म्हणे. मागच्या दारी लावलं आहे. सव्वीस जानेवारी इथेही सुट्टीचा दिवस असतो. आरोहीला वाटलं, आपल्यासाठीच दिली.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर गुजरातचा भूकंप दाखवला. व्हिन्स धावत आला. "तुझं गाव?" मी नकाशा काढून नाशिक दाखवलं, मग दिंडोरी बोटानं दाखवली. तो निघून गेला आणि थोड्या वेळानं टोमॅटोची टोपली ठेवून गेला. तुम्हा सगळ्यांची खुशाली वहिनीनं फोनवर कळवलीच.

आता आमचे भारताचे पासपोर्ट वकिलातीत जमा होतील. त्यामुळे एक काम सांगते. माझं नाव गावच्या यादीतून काढून टाका. मागे मी सुचवलं तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत, "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल." ते आता चालणार नाही. तलाठ्याकडे अर्ज द्या, हवं तर मी सही करून पाठवते. तसंही माझ्या नावाचा तुम्हाला काही उपयोग झालेला नाही.

पुतळाबाईबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. "त्या अंगठेबहाद्दर बाईला मी आता मळ्यात पाऊल ठेवू देत नाही. वीस वर्षं माझ्या मळ्यात राबली आणि शेवटी दोन्हीकडे शिक्के मारून आली."

भाऊ, ती घडाला कात्री लावायची तेव्हा तिच्या हातून एक मणी चुकीचा पडत नसे. आम्ही शिकलेल्या पोरी एका घडातून अर्धा घड खाली पाडायचो. ती म्हणायची, "बाय, जो मणी आत दबलाय तोच काढ. बाहेरच्याला काय झालंय?" तिला दोन चित्रांतलं एक ओळखता आलं नसेल?

आज एवढंच लिहिते. आरोहीला बाहेर न्यायचं आहे.

गिरजा


मिल्ड्युरा, ११ नोव्हेंबर २००१

भाऊ,

काल मी पहिल्यांदा इथे मत दिलं.

मतदान आरोहीच्या शाळेत होतं. फाटकापासूनच कांदा परतल्याचा वास येत होता. शाळेचे पालक बाहेर शेगडी मांडून सॉसेज भाजतात आणि पावात घालून विकतात. मत द्या आणि खा, अशी इथली रीत आहे. सॉसेज गाईचं, म्हणून आम्ही नुसता कांदा-पाव घेतला. आरोहीच्या बाई झारा हातात धरून म्हणाल्या, "आणखी कांदा?" मी म्हटलं, मी कांद्याच्याच जिल्ह्यातली आहे, घाला.

यंदाचं सगळं मतदान बोटींच्या प्रश्नावर झालं. ऑगस्टमध्ये बुडत्या बोटीतली चारशे माणसं एका जहाजानं वाचवली. सरकारनं ते जहाज किनाऱ्याला लागू दिलं नाही. माणसं अफगाणिस्तानातून पळून आलेली. त्यावर दोन महिने दुकानात, शाळेत, बेदाण्याच्या शेडमध्ये बोलणं चाललं होतं. मी नवी, म्हणून मी आले की लोक गप्प व्हायचे आणि हवेबद्दल बोलायचे. व्हिन्स गप्प झाला नाही. म्हणाला, "बरं केलं थांबवलं."

मी म्हटलं, "तुम्हीही बोटीतूनच आलात ना?"

"मी रांगेतून आलो. कागद घेऊन आलो."

"आणि कागद द्यायला कचेरीच उरली नसती तर?"

त्यानं दोन वेली छाटल्यागत केलं. या दिवसांत छाटायला काही नसतं. मग म्हणाला, "माझी आईही असंच विचारायची." संध्याकाळी त्यानं काकड्या आणून दिल्या. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

आता मतपत्रिकेबद्दल. इथे शिक्का नसतो. दोरीनं बांधलेली पेन्सिल असते. बोटाला शाई लावत नाहीत. आणि एकालाच मत द्यायचं नसतं. समोर जितकी नावं तितके आकडे. ज्याला सगळ्यांत जास्त पसंती त्याला एक, त्याच्यानंतरच्याला दोन, असं शेवटपर्यंत. एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. तुमचा पहिला हरला तर तुमचं मत दुसऱ्याला जातं. म्हणजे तुम्ही म्हणू शकता, हा माझा, पण तोही चालेल.

मी पेन्सिल धरून उभी राहिले. मग तिथल्या बाईला विचारलं, "दोघांना एक-एक लिहिलं तर?"

ती म्हणाली, "मग मोजत नाहीत, बाळ. कुणीतरी आधी यायलाच हवा."

भाऊ, ते बाद मत माझं होतं.

चार वर्षं हे वाक्य मी दर पत्रात लिहून खोडते आहे. आता शाईनं लिहिलं आहे.

मतदान आपल्या शाळेच्या तिसऱ्या खोलीत होतं. सातवीत मी तिथेच बसायचे. सातवीनंतर दादा मला घरी बसवणार होते, आणि वडिलांपुढे आपण दोघंही बोलत नव्हतो. तेव्हा गांगुर्डे गुरुजी तीन संध्याकाळी येऊन आपल्या ओट्यावर बसले होते. चहा घ्यायचे नाहीत, म्हणायचे, आधी पोरीचं सांगा. चौथ्या संध्याकाळी दादा कंटाळून हो म्हणाले. आणि पुढची पाच वर्षं, बारावीपर्यंत, तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून दिंडोरीच्या हायस्कुलात सोडत होतात. पावसात स्वतः भिजायचात आणि दप्तर पोत्यात गुंडाळायचात. गुरुजींनी दार उघडलं, पण रोज नेऊन सोडलं तुम्ही.

मी तुमच्या कपबशीवर शिक्का मारला. मग खालची गुरुजींची छत्री दिसली. तिच्यावरही मारला. कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकला. घाई नव्हती, चूक नव्हती. बाद होणार हे मला माहीत होतं. मला वाटलं, एका मतानं काय होतं? मतदान केलं असंही होईल आणि कुणाच्या विरुद्ध गेले असंही होणार नाही.

तुम्ही तहसील कचेरीतून मोजणी आटपून आलात तेव्हा आपल्या आवारात तीस माणसं होती. पुतळाबाई कडेला उभी होती. तुम्ही तिला म्हणालात, "दोन चित्रं समोर आली की तुला एक ओळखता येत नाही? गुराला येतं." लोक हसले. ती म्हणाली, "म्या कपबशीवरच मारलाय, भाऊ. एकच मारलाय." लोक आणखी हसले.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापुढे कप धरला.

आता तिला कामावर बोलवा. माझ्यावर रागावायचं तेवढं रागवा.

परवा दिवाळी. इथे उन्हाळा लागतो आहे.

गिरजा


मिल्ड्युरा, ३ मार्च २००२

भाऊ,

तुमचं पत्र नाही. वहिनी फोनवर म्हणाली, "पत्र वाचलं, खिशात घातलं, मळ्यात गेले. आले ते गप्पच. मी विचारलं, गिरजाबाईंचं काय म्हणणं? तर म्हणाले, तिकडे पेन्सिलीनं मतदान करतात." मला हसू आलं आणि मग आलं नाही.

पुतळाबाईला अजून बोलावलेलं नाही, हेही वहिनीनंच सांगितलं. ती आता दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जाते. विरळणीला तिला कुणी घेत नाही. गावात एकदा हात चुकतो म्हटलं की चुकतोच.

म्हणून मी तिला पत्र लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून गुरुजींच्या पत्त्यावर पाठवलं. ते वाचून दाखवतील. त्यात तुम्हाला लिहिलं तेच आहे. तुमच्याबद्दल वावगं काही नाही. तुम्हाला बाहेरून कळू नये, म्हणून आधी कळवते.

गुरुजींनाही आता कळेल की मी त्यांना अर्धंच मत दिलं होतं. कळू दे.

इथे बेदाणा वाळत आहे. पत्र्याखाली दिवसभर गोड वास असतो. राखी ऑगस्टात पाठवीन. उत्तर नाही आलं तरी पाठवीन.

गिरजा


मिल्ड्युरा, १० ऑक्टोबर २००४

भाऊ,

काल पुन्हा मतदान झालं. या खेपेला वादाचा विषय व्याजाचे दर. बोटींचं कुणी बोललं नाही. सरकार तेच राहिलं. मी सगळ्या चौकटी भरल्या, कुठे थांबले नाही. कांदा-पाव खाल्ला. आरोही चौदाची झाली, तिनं सॉसेज खाल्लं. मी पाहिलं नाही असं केलं.

तुम्ही राखी बांधता, असं वहिनी सांगते. दोन दिवस ठेवता म्हणे. पुरे आहे.

गुरुजींचं उत्तर मागेच आलं होतं, ते तुम्हाला कळवायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी ठेवलं होतं. गुरुजी स्वतःबद्दल एवढंच लिहितात: "अर्धं मिळालं हे वाचून आनंद झाला. पुरं मिळालं असतं तर रावजींच्या सायकलचा तू अपमान केला असतास." पुढे पुतळाबाईचं उत्तर त्यांनी तिच्याच बोलीत उतरवून घेतलं आहे. ते तसंच लिहिते:

"बाय, तुजा कागद ऐकला. ठेवून दिलाय. पर मला कागद नको. आवारात बोललेलं आवारात माघारी घेत्यात. कागदात घेत नाय."

ते वाचल्यापासून मी तिला काही लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं तिनं काही ठेवलंच नाही.

गिरजा


मिल्ड्युरा, २९ एप्रिल २००७

भाऊ,

हे पत्र माझ्याबद्दल नाही, वेलींबद्दल आहे.

इथे कितीतरी वर्षं पुरेसा पाऊस नाही. धरणं तळाला गेली. पंतप्रधानांनी जाहीर केलं, लवकर पाऊस झाला नाही तर यंदा नदीचं पाणी शेतीला शून्य. कमी नाही, शून्य. लोकांनी पावसासाठी प्रार्थना करावी, असंही म्हणाले. आपल्याकडे पाटाच्या पाण्याचं एक आवर्तन चुकलं तरी लोक पाटबंधाऱ्याच्या कचेरीवर जातात, साहेबाला खुर्चीतून उठू देत नाहीत. इथे कुणी कुठे गेलं नाही. जो तो घरी बसून कोणत्या वेली मरू द्यायच्या ते ठरवतो आहे. मला हे शांतपण आधी आवडायचं. आता कधी कधी वाटतं, दोन बैलगाड्या आणून नगरपालिकेसमोर उभ्या कराव्यात. बैलच नाहीत.

व्हिन्सच्या विहिरीचं पाणी खारट आहे. टाकीतल्या पाण्यावर निम्म्या वेली जगतील. निम्म्या सोडाव्या लागतील. वरच्या अंगाला चाळीस वर्षांच्या जुन्या वेली आहेत, त्यांना घड कमी येतात. खाली नव्या, सहा वर्षांच्या, भरपूर घडांच्या. त्यानं मला विचारलं, "कुठल्या?"

मी दोन दिवस बांधावर फिरले. मला ठरवता आलं नाही. मला ठरवता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

गिरजा


मिल्ड्युरा, १७ जून २००७

भाऊ,

तुमचं पत्र आलं. साडेपाच वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. थोडं तिरकं झालं आहे.

पहिलं पान मी उभ्या उभ्या व्हिन्सला इंग्रजीत सांगितलं. "जुन्या वेली ठेवा, नव्या सोडा. जुनीची मुळं खोल गेलेली असतात, ती एक साल तहान काढते. नवी दिसायला भारी, पण तिला रोज पाणी लागतं. ठेवल्या त्यांच्यावरचे घड निम्मे करा. बुडाला उसाचं पाचट टाका, पाचट नसेल तर जे असेल ते टाका, माती उघडी ठेवू नका." व्हिन्सनं विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, माझा भाऊ. तो म्हणाला, "इतकी वर्षं कुठे होता?"

दुसरं पान मी घरी येऊन वाचलं. ते पुन्हा इथे लिहून काढते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुम्हाला कळेल.

"तहसील कचेरीत साहेबानं ते बाद मत मला दाखवलं होतं. दोन्ही शिक्के चौकटीच्या मधोमध, सरळ. चुकून मारलेला शिक्का तिरका पडतो. लहानपणी आई आणि काकू दोघी तुला आपल्याजवळ झोप म्हणायच्या, तर तू दोघींच्या मधे गोधडी टाकायचीस. मी तिथेच ओळखलं.

"घरी आलो तर तू चहा घेऊन उभी. तीन महिन्यांनी तू जाणार होतीस. तुझं नाव घेतलं असतं तर तुझं माहेर तुटलं असतं. पुतळाबाईचं घेतलं तर एक मजूर तुटेल, असं वाटलं. तुझं पत्र आलं तेव्हा तुझा राग आला नाही. आता मला माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय तू ठेवली नाहीस, त्याचा आला."

दहा वर्षं मला वाटत होतं की त्या आवारात मी एकटीच गप्प होते.

मला हलकं वाटलं, भाऊ. खोटं कशाला बोलू. स्वयंपाक करताना गुणगुणत होते. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, भावाचं पत्र आलं. मग भाजी ढवळताना लक्षात आलं, की आपण दोघं मोकळे झालो आणि ती अजून तिथेच उभी आहे.

तिनं काय मागितलं ते तुम्हाला माहीत आहे. मी तिथे नाही. तुम्ही आहात.

गिरजा


मिल्ड्युरा, ३० नोव्हेंबर २००७

भाऊ,

गेल्या शनिवारी मतदान झालं. अकरा वर्षांचं सरकार गेलं. व्हिन्स म्हणाला, "पाऊस आणणारा असेल तर कुणीही चालेल." हिवाळ्यात थोडा झाला, नदीचं थोडं पाणी सुटलं. जुन्या वेली जगल्या. परवा तो मला बांधावर घेऊन गेला आणि एका बुंध्याला थोपटून म्हणाला, "तुझ्या भावाला सांग." सांगितलं.

मी मत दिलं, रांगेत सगळ्यांशी हवेबद्दल बोलले, कांदा-पाव घेऊन गवतावर बसले. ऊन होतं. लोक हरल्या-जिंकल्याच्या पैजा मारत होते आणि एकमेकांना सॉस पुढे करत होते. मला इथे बरं वाटतं, भाऊ. घरी आले तर वहिनीचा फोन.

तुम्ही काही सांगणार नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तिनं सगळं सांगितलं. विरळणी सुरू झाली आहे. दुपारी अकरा बाया आवारात भाकरी खायला बसल्या होत्या. तुम्ही सकाळीच पुतळाबाईच्या वस्तीवर गेला होतात. ती लगेच उठली नाही. उरलेली अर्धी खुरपणी झाल्यावर येते म्हणाली. तुम्ही बांधावर बसून राहिलात. मग दोघं चालत आलात, ती पुढे आणि तुम्ही मागे.

आवारात तुम्ही म्हणालात, "दहा वर्षांपूर्वी मी इथे पुतळाबाईला बोललो, ते खोटं होतं. खोटं आहे हे तेव्हाच मला माहीत होतं. तो दुसरा शिक्का आमच्या गिरजानं मारला होता."

वहिनी म्हणाली, बायांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग त्यांतली लताबाई म्हणाली, "मंग दहा साल ही बाय कोणापायी उन्हात खुरपत व्हती?"

तुम्ही म्हणालात, "माझ्यापायी."

पुतळाबाई समोरच्या ओळीकडे बघत होती. मग म्हणाली, "घड लय दाट राहिलेत. इथली विरळणी कोण करतंय?"

लताबाई म्हणाली, "मी."

"दिसतंय."

सगळ्या हसल्या. लताबाईही हसली, असं वहिनी सांगते. मग पुतळाबाईनं हात पुढे केला आणि तुम्ही तिच्या हातात कात्री दिलीत. ती म्हणाली, हिला धार नाय.

मला तिनं निरोप दिला आहे. वहिनीनं तो दोनदा म्हणून दाखवला, म्हणजे शब्द चुकणार नाही:

"गिरजीला सांगा, तुज्याकडं मत दिलं का खायाला घालत्यात म्हणं. माज्याकडं मत दिलं तं माजं खाणंच उचाललं. आता यायचं आसंल तं नुसतं तोंड घेऊन येऊ नको. चांगली कात्री घेऊन ये. इलायती."

मी तिकीट काढलं आहे. बारा डिसेंबरला निघते. माझ्याच गावाला यायला मला व्हिसा लागला. फॉर्मवर येण्याचं कारण विचारतात. मी लिहिलं, द्राक्षांची विरळणी. वकिलातीच्या खिडकीतला माणूस मराठी निघाला. म्हणाला, "लवकर जा बाई, मणी फुगले तर कात्री आत शिरत नाही."

कात्र्या दोन घेतल्या आहेत. एक पुतळाबाईची. दुसरी घेऊन तिच्या हाताखाली त्या ओळीत तुम्ही उभं राहायचं की मी, ते तिनं ठरवावं.

गिरजा